सर्फिंगला जायचंय? मग आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा

सर्फिंगला जायचं ठरलं की नवीन माणूस आधी लाटा किती फुटांच्या आहेत ते बघतो, मग आठवलं तर वारा बघतो, आणि भरती-ओहोटी बघायची राहूनच जाते. माझं म्हणणं, बरोबर उलटीकडून सुरुवात करा. लाटांचा अंदाज चार-पाच दिवसांपलीकडे फारसा भरवशाचा नसतो, वाऱ्याचा तर कधीकधी उद्याचाही फसतो, पण भरती किती वाजता येणार हे पुढच्या वर्षीच्या एखाद्या तारखेचंही आजच मिनिटासकट काढून मिळतं, कारण तो सगळा चंद्र-सूर्याचा हिशोब आहे. तीन गोष्टींतली एकच पक्की असेल तर प्लॅन तिच्यापासूनच सुरू करायचा ना.

आणि हे नुसतं सोयीचं म्हणून नाही. तीच जागा, त्याच लाटा, तोच वारा, तरी सकाळी सातला मस्त चालणारा स्पॉट अकरा वाजता पूर्ण मेलेला असू शकतो किंवा उलटं. पाण्यात दोन तास धडपडून एकही लाट न मिळालेला माणूस बाहेर येऊन म्हणतो मला जमतच नाही, आणि बऱ्याचदा त्याचं काहीच चुकलेलं नसतं, फक्त वेळ चुकलेली असते.

आधी थोडं गणित, घाबरू नका

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आतबाहेर. दोन फेऱ्या मिळून २४ तास ५० मिनिटं होतात, म्हणून रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल आठला भारी होतं म्हणून आज आठलाच गेलात तर पाणी कालच्या सव्वासातसारखं असेल. दोन-तीन दिवस हे चालून जातं, पण आठवड्याभरात चित्र पूर्ण उलटतं, जिथे ओहोटी होती तिथे भरती.

सगळीकडे असंच असतं असंही नाही. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते. कॅलिफोर्नियाला दोन येतात पण सारख्या नसतात, एक मोठी एक छोटी, ओहोट्यांचंही तेच. पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर तर मजाच आहे, तिथे चंद्राची भरती अगदीच बारीक असल्यामुळे सूर्याची वरचढ ठरते आणि भरती जवळपास रोज दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमाराला येते, वेळ पुढे सरकायची भानगडच नाही.

फरक किती उंचीचा हेही जागेवर आहे. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो इतका कमी असतो की लक्षातही येत नाही, हवाईत मीटरभराच्या आतच, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा, की मी जिथे जाणार आहे तिथे भरती आणि ओहोटीत किती मीटरचा फरक पडतो. अर्ध्या मीटरच्या आत असेल आणि तळ वाळूचा असेल तर तुम्ही या लेखातला बराच भाग सोडून दिलात तरी चालेल, वारा आणि स्वेल (लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा) बघा आणि जा. पण तळ खडकाचा किंवा प्रवाळाचा असेल तर अर्धा मीटरही पुष्कळ झाला, कारण बोर्डाखालची फिन (सुकाणूसारखं पातं) आणि दगड यांच्यात कधीकधी तेवढंच पाणी असतं.

पाणी वर-खाली झालं की लाटेचं काय होतं

हा भाग नीट समजून घ्या, बाकी सगळं याच्यावरच उभं आहे.

लाट फुटते ती तळ लागला म्हणून. ढोबळ हिशोब असा की लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीवर आली की ती कोसळायला लागते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट सव्वा मीटरच्या जरा पुढेमागे खोली असेल तिथे फुटणार. आता भरती आली की ती सव्वा मीटर खोली किनाऱ्याकडे सरकते, ओहोटी लागली की समुद्राकडे सरकते. लाट फुटायची जागा दिवसभर अशी पुढे-मागे करत असते, आणि प्रत्येक जागी खालचा तळ वेगळा असतो. कुठे सपाट, कुठे एकदम चढ, कुठे वाळूचा उंचवटा, कुठे खड्डा. लाटेचा आकार ठरतो तो या तळावरून.

तळ हळूहळू उथळ होत गेला तर लाट वरून फेस सांडत सावकाश फुटते. शिकणाऱ्याला हीच पाहिजे, उभं राहायला वेळ मिळतो. तळ एकदम वर आला तर लाट ताठ उभी राहते, ओठ पुढे फेकते आणि पोकळ होऊन आपटते. फोटोत दिसते ती बहुतेक ही, आणि पहिल्या महिन्यात तुम्हाला नको आहे तीही हीच.

आता साध्या वाळूच्या बीचवर काय होतं बघा. पूर्ण ओहोटीला पाणी लांब गेलेलं असतं, लाटा बाहेरच्या सँडबारवर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, फुटतात, तिथे पाणी कमी, त्यामुळे लाट ताठ आणि झटक्यात पडणारी, आणि पुष्कळदा डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पूर्ण ओळ एकदमच कोसळते. याला क्लोजआउट म्हणतात, यात बाजूला पळायला वाट नसते. पूर्ण भरतीला त्याच सँडबारवर इतकं पाणी चढलेलं असतं की छोट्या लाटेला तळ लागतच नाही, ती नुसती फुगून खालून निघून जाते, तुम्ही जीव खाऊन पॅडल करता आणि बोर्ड काही उचलला जात नाही. मग ती लाट थेट काठाच्या उतारावर येऊन आपटते. उतार तीव्र असेल तर आपटलेलं पाणी परत फिरून येणाऱ्या पुढच्या लाटेला धडकतं आणि सगळा घोळ होतो. काठावर आपटणाऱ्या या लाटा दिसायला बारक्या असतात पण मान आणि खांदे दुखावतात ते यांच्यातच, गुडघाभर पाण्यात डोक्यावर पडू नका.

या दोन टोकांच्या मधला जो काळ, पाणी निम्म्याच्या आसपास असतानाचा, तो नवशिक्यासाठी बहुतेक वाळूच्या बीचवर सगळ्यात बरा. म्हणून कुठलीच माहिती नसेल तर मधल्या पाण्याला जा, आणि त्यातही पाणी चढत असताना. चढताना का? एक म्हणजे लाट तुम्हाला आणि सुटलेल्या बोर्डला किनाऱ्याकडेच आणते आणि पाण्याचा एकूण कलही तिकडेच असतो. दुसरं, चढत्या पाण्याला लाटांना जोर येतो असं तुम्ही जवळपास प्रत्येक बीचवर ऐकाल. भरती काही लाटांना मागून ढकलत नाही, पण ज्या जागी बाहेर उथळ पट्टे आहेत तिथे ओहोटीला लाटेची बरीच ताकद त्या पट्ट्यावरच खर्ची पडते आणि पाणी चढलं की ती आतपर्यंत पोचते. तेव्हा ऐकलेलं अगदीच खोटं नाही, सगळीकडे खरं मात्र नाही.

रीफचा, म्हणजे पाण्याखालच्या खडकाचा किंवा प्रवाळाचा, मामला वेगळा. तळ हलत नाही म्हणून वागणं नेहमी सारखं असतं, तमुक रीफ ओहोटीला चालत नाही म्हणजे नाहीच चालत. उथळ रीफवर पूर्ण ओहोटीला अनुभवी लोकसुद्धा पाण्याबाहेर बसून राहतात. नवीन असाल तर रीफवर पाणी कमी असताना जायचंच नाही, यावर वाद नको.

पायरी पहिली: जागा ओहोटीला बघून या, बोर्ड न घेता

हे कोणी करत नाही आणि यासारखी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. एखाद्या मोठ्या ओहोटीला बीचवर जा आणि नुसतं फिरा. पाण्याखाली असतं ते सगळं उघडं पडलेलं असतं. वाळूचे उंचवटे कुठे आहेत, त्यांच्यामधून पाणी परत जायचे चर कुठे आहेत, कुठे खडक डोकं वर काढून बसलाय, एखादा जुना खांब किंवा गंजलेलं लोखंड आहे का. फोटो काढून ठेवा, मागे एखादी न हलणारी खूण धरून, म्हणजे पाण्यात असताना कळेल की तो खडक आत्ता माझ्या डावीकडे आहे. ते चर लक्षात ठेवा, नंतर तिथूनच रिप करंट, म्हणजे समुद्राकडे ओढणारा प्रवाह, वाहतो.

वाळू हलते हे विसरू नका. एक मोठं वादळ होऊन गेलं की सँडबार इकडचे तिकडे होतात आणि मागच्या महिन्यात ओहोटीला चालणारी जागा या महिन्यात भरतीला चालायला लागते. त्यामुळे वादळानंतर फेरी पुन्हा मारायची.

आणि विचारा. लाइफगार्ड, सर्फ शिकवणारे, रोज पाण्यात उतरणारे कोणीही. "ही जागा कुठल्या पाण्याला चालते?" एवढा एक प्रश्न. सर्फ शिकवणाऱ्यांच्या क्लासच्या वेळा रोज बदलत असतील तर समजा की तिथे भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे, ते आयतंच तुमच्यासाठी वेळापत्रक लावून ठेवतायत.

पायरी दुसरी: तक्ता वाचा, पण नीट

टाइड चार्ट कुठल्याही सर्फ अ‍ॅपवर मिळतो, बंदराच्या छापील तक्त्यातही असतो. त्यात चार वेळा आणि चार उंच्या दिसतील. यात फसायच्या दोन-तीन जागा आहेत.

तक्ता कुठल्या ठिकाणचा आहे ते बघा. पुष्कळदा तो जवळच्या मोठ्या बंदराचा असतो आणि तुमच्या बीचवर भरती त्याच्या वीस मिनिटं, कधी तासभरही, आधी-नंतर येते. खाडीच्या आत तर फरक आणखी वाढतो. वेळ कुठली ते बघा, काही तक्ते वर्षभर प्रमाणवेळच देतात आणि उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करणाऱ्या देशात तुम्ही बरोब्बर एक तास चुकता. तिसरं, उंची म्हणजे पाण्याची खोली नाही. ०.६ मीटर लिहिलंय म्हणजे तुमच्या पायाखाली ०.६ मीटर पाणी असं नाही, ती एका ठरलेल्या खालच्या पातळीपासून मोजलेली असते. ही पातळी ठरवायची पद्धत सगळ्या देशांत एकच नसते. म्हणून कधी उणे आकडाही दिसतो, याचा अर्थ पाणी नेहमीपेक्षा जास्तच मागे हटणार. आकडा एकटा काही सांगत नाही, त्या जागेचे रोजचे आकडे बघत गेलात की मग तो बोलायला लागतो.

आणि हा नुसता चंद्र-सूर्याचा हिशोब आहे, हवामान त्यात धरलेलं नसतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने पडला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं, त्यात किनाऱ्याकडे जोराचा वारा वाहत असेल तर आणखी. एखादा दिवस पाणी तक्त्यापेक्षा हातभर जास्त दिसलं तर चक्रावू नका.

पायरी तिसरी: आपली खिडकी, म्हणजे पाण्यात उतरायची वेळ, काढा

आता एक उदाहरण घेऊ, आकडे मी सोपे पडावेत म्हणून धरलेत. समजा ओहोटी सकाळी ६:१० ला ०.६ मीटर आणि भरती दुपारी १२:२० ला ४.२ मीटर. फरक ३.६ मीटर. पाणी हे सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, सुरुवातीला रेंगाळतं, मध्ये धावतं, शेवटी परत रेंगाळतं. दर्यावर्दी लोकांचा जुना नियम आहे, एकूण फरकाचे बारा भाग करायचे, पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक.

इथे एक भाग म्हणजे ०.३ मीटर. तर ७:१० ला पाणी ०.९ वर, ८:१० ला १.५ वर, ९:१० ला २.४ वर, १०:१० ला ३.३ वर, ११:१० ला ३.९ वर, आणि मग भरती. बघा, ८:१० ते १०:१० या दोनच तासांत पाणी १.८ मीटर चढलं, म्हणजे एकूण फरकाच्या निम्मं. बीचचा उतार अगदी सौम्य असेल, समजा पन्नास मीटर चाललात की एक मीटर खोल, तर या दोन तासांत पाण्याची कड ९० मीटर आत येते. काठावर ठेवलेली बॅग आणि टॉवेल का वाहून जातात ते आता कळलं असेल. सामान नेहमी वाळलेल्या शेवाळाच्या आणि कचऱ्याच्या ओळीच्या वर ठेवायचं, ती ओळ म्हणजे मागच्या भरतीची सही.

तर मधलं पाणी पाहिजे असेल तर तुमची खिडकी साधारण आठ ते सव्वादहा. साडेसातला बीचवर पोचा, वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा, आठच्या आसपास पाण्यात, दहाला बाहेर. नवीन माणसाचे हात दीड-दोन तासांत तसेही संपतात, त्यामुळे यापेक्षा मोठी खिडकी हवी कुणाला.

हा बारा भागांचा नियम दोन भरत्यांच्या साध्या किनाऱ्यासाठी आहे, असमान भरत्या असतील तिथे अ‍ॅपवरचा ग्राफ सरळ बघा, त्यात वक्ररेषा कुठे खडी आहे आणि कुठे सपाट ते दिसतंच.

पायरी चौथी: कुठला दिवस? उधाण की भांग

अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला, खरं तर बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवस नंतर, चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली. हे उधाण, अ‍ॅपवर स्प्रिंग टाइड लिहिलेलं असतं, ऋतूशी त्याचा काही संबंध नाही. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, त्यामुळे फरक कमी, ती भांगाची भरती, म्हणजे नीप टाइड. एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत पावणेपंधरा दिवस.

आता वरचंच उदाहरण भांगाच्या दिवसाला लावून बघा. त्याच जागी समजा पाणी फक्त १.५ आणि ३.३ मीटरच्या मध्ये खेळतंय. हे आकडे ओळखीचे वाटले? वरचं उदाहरण उधाणाच्या दिवसाचं धरलं, तर सकाळी चढताना पाणी १.५ ते ३.३ मध्ये फक्त ८:१० ते १०:१० होतं. म्हणजे उधाणाला जी खिडकी दोन तासांची होती ती भांगाला दिवसभर उघडी आहे. पाणी सावकाश हलतं, प्रवाह कमी, लाट फुटायची जागा दर पंधरा मिनिटांनी बदलत नाही. माझ्या मते शिकणाऱ्याने सुट्टी टाकायची असेल तर अष्टमीच्या आसपासचे चार दिवस बघून टाकावी, लोक उलट पौर्णिमेला जातात कारण रात्री बीचवर चांदणं छान पडतं. फक्त एक गोष्ट, तुमचा स्पॉट जर पूर्ण ओहोटीलाच चालणारा असेल तर भांगाला पाणी तेवढं खाली जातच नाही, मग उधाणाशिवाय इलाज नाही.

आणखी एक युक्ती जी खूप कमी लोक वापरतात. दोन भरत्यांच्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी दर वेळी घड्याळात जवळजवळ त्याच वेळेला येते. एखाद्या जागी पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला असेल तर अमावस्येलाही सहाच्याच आसपास, आणि पुढच्या पौर्णिमेलाही. अष्टमीला मात्र सहाला भरती. म्हणजे एकदा चांगलं सेशन मिळालं की कॅलेंडरवर त्यापुढे चौदा-पंधरा दिवसांवर खूण करा, पाणी साधारण त्याच वेळेला त्याच पातळीवर असणार. लाटा असतील की नाही ते देव जाणे, पण पाणी असेल.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराची उधाणं वर्षातली सगळ्यात मोठी असतात बऱ्याच ठिकाणी. नवख्याने तेव्हा जरा जपूनच. इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीत अशा उधाणाला समुद्राचं पाणी लाट होऊन नदीत उलटं शिरतं आणि लोक त्या लाटेवर सर्फ करतात, १९५५ पासून. तिथे भरती म्हणजेच लाट. आपल्याला एवढ्यात ते नको.

पायरी पाचवी: आता लाटा आणि वारा वरून लावा

दिवस आणि खिडकी ठरली, आता अंदाज उघडा. लाटा बारक्या असतील, कमरेच्या खाली, तर खिडकी ओहोटीच्या बाजूला सरकवा कारण भरतीला त्यांना तळच लागणार नाही. लाटा मोठ्या असतील तर भरतीकडे सरका, जास्त पाण्यात त्यांचा कडकपणा उतरतो आणि एरवी फुगून जाणारी जागा नेमकी चालायला लागते. पण तुम्ही नवीन असाल आणि लाटा छातीच्या वर असतील तर सरकवत बसू नका, काठावर बसून बघा.

पिरियडही बघा, दोन लाटांमधले सेकंद. ८ सेकंदांच्या लाटेला सुमारे ५० मीटर खोलीपासून तळ जाणवायला लागतो, १४ सेकंदांच्या लाटेला १५० मीटरपासून. त्यामुळे लांब पिरियडची लाट आकड्यात छोटी दिसली तरी फुटताना उंच होते, तिला थोडं जास्त पाणी द्या.

वाऱ्याचं एकच ध्यानात ठेवा, पुष्कळ किनाऱ्यांवर सकाळी वारा शांत किंवा जमिनीवरून समुद्राकडे असतो आणि ऊन तापलं की समुद्रावरून वाहायला लागतो, लाटांचा चोथा होतो. म्हणून ज्या दिवशी मधलं चढतं पाणी सकाळी पडतं ते दिवस सोन्याचे. खिडकी दुपारी दोनला पडत असेल आणि वारा जोरात असेल तर पाणी कितीही बरोबर असलं तरी मी घरीच बसेन.

पायरी सहावी: धोका कुठे आहे

ओहोटी लागली की पाणी बाहेर निघालेलं असतं. मोकळ्या बीचवर एवढ्याने फार बिघडत नाही, पण नदीच्या किंवा खाडीच्या तोंडाशी तेच पाणी अरुंद जागेतून निघतं, समोरून येणाऱ्या लाटांना धडकून त्यांना खडी आणि वेडीवाकडी करतं आणि बोर्डसकट तुम्हाला बाहेर नेतं. ओहोटी जोरात असताना, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात, खाडीच्या तोंडाशी नवख्याने उतरायचंच नाही.

रिप करंट भरती-ओहोटीमुळे तयार होत नाही, तो लाटांनी आत आणलेलं पाणी परत जाताना तयार होतो. पण पाणी कमी असलं की ते परतीचं पाणी मोजक्या चरांमधूनच जातं म्हणून बऱ्याच बीचवर ओहोटीच्या सुमाराला रिप जास्त जोरदार असतो. अडकलात तर बोर्ड सोडू नका, सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवे निघा, लाटा फुटतायत तिकडे, आणि हात वर करून मदत मागा.

कड्याखालून चालत जाऊन पलीकडच्या छोट्या बीचवर उतरायचं असेल तर परतीची वाट भरतीला बंद होते का ते आधी विचारा. लाटा छान आहेत म्हणून अर्धा तास वाढवला आणि मागे पाणी कड्याला टेकलं, असं होऊन लोक अडकतात. इथे खिडकीची शेवटची वेळ म्हणजे शेवटची वेळ, आणखी एक लाट नाही.

पाण्यात असताना

उतरायच्या आधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, झाड आणि त्यामागचा खांब वगैरे, आणि दर दहा मिनिटांनी बघा. खुणा सरकल्या म्हणजे तुम्ही सरकलात. लाटा अचानक तुमच्या पुढे, किनाऱ्याच्या बाजूला फुटायला लागल्या की समजा पाणी चढलंय, थोडं किनाऱ्याकडे सरका. तुमच्या मागे, समुद्राच्या बाजूला फुटायला लागल्या की पाणी उतरलंय, समुद्राकडे सरका. कालच्याच जागी हट्टाने बसून राहणाऱ्याला लाटा मिळत नाहीत. लाइफगार्डचे लाल-पिवळे झेंडेही पाण्याबरोबर हलवले जातात, तासापूर्वी जिथे होते तिथेच असतील असं धरू नका. काही देशांत त्या झेंड्यांमधली जागा फक्त पोहणाऱ्यांसाठी असते आणि कडक बोर्डवाल्यांची जागा वेगळी, ते उतरण्याआधी विचारून घ्या.

पडताना पाणी कितीही खोल वाटलं तरी सपाट पडा, डोक्यावर हात घ्या, उडी मारून पाय खाली सोडू नका. तासाभरापूर्वी छातीपर्यंत असलेलं पाणी आता गुडघ्याला असू शकतं. बाहेर यायची जागाही बदललेली असते, शिरताना वाळू होती तिथे आता खडक उघडा असेल किंवा लाट काठावर आपटत असेल, म्हणून शेवटची लाट पकडायच्या आधी एकदा किनारा नीट बघून घ्या, कुठून निघणार ते ठरवा.

घरी आल्यावर दोन ओळी

मोबाइलमध्येच लिहा: तारीख, वेळ, पाणी चढतं होतं की उतरतं, तक्त्यावरची उंची, लाटा केवढ्या, वारा कुठून, आणि मजा आली की नाही. जागेचं नाव लिहायला विसरू नका. न चाललेले दिवसही लिहा, तेच जास्त शिकवतात. काही महिन्यांत दिसायला लागेल की या बीचवर कमरेएवढ्या लाटा असल्या की पाणी दोन ते तीन मीटरमध्ये असतानाच चालतं, आणि मग लेख वाचायची गरज नाही, पुढच्या महिन्याचा तक्ता उघडायचा, ते आकडे सकाळच्या वेळेला कधी पडतायत ते शोधायचं आणि त्या दिवसांवर खुणा करून ठेवायच्या. लाटांचा अंदाज दोन दिवस आधी बघा, तोपर्यंत सुट्टीचा अर्ज टाकून झालेला असेल.